प्रकाशसक्रिय धातुसंयुगे आणि अंधाराची अट

१

औषध आणि प्रकाश यांचे नाते औषधशास्त्राने दीर्घकाळ वैराचे मानले आहे. औषधाच्या दुकानातील तपकिरी बाटल्या आणि वेष्टनावरील ‘प्रकाशापासून दूर ठेवावे’ ही सूचना ही या वैराची नित्य परिचयाची चिन्हे होत. रक्तदाब एकाएकी भयंकर वाढला असता शिरेतून देण्यात येणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड हे लोहाचे संयुग याचे ठळक उदाहरण आहे. त्याचा विद्राव उजेडात राहिला तर त्याचे विघटन होऊन सायनाइड मोकळे होऊ लागते; म्हणून ती बाटली अपारदर्शक वेष्टनात गुंडाळूनच रुग्णाच्या खाटेशी टांगतात.

गेल्या काही दशकांत रसायनशास्त्रज्ञांच्या एका मोठ्या वर्गाने हे नाते उलट फिरविले आहे. प्रकाशाने संयुग बिघडते हा जो दोष, त्यालाच त्यांनी गुण मानले. धातूच्या अणूभोवती सेंद्रिय गटांची गुंफण करून असा रेणू तयार करावयाचा, की जो शरीरात गेल्यावर निष्क्रिय राहील आणि वैद्याने जेथे प्रकाश पाडला असेल तेथेच कार्यास लागेल. हे कार्य बहुधा मारक असते : कर्करोगाच्या पेशींचा किंवा रोगजंतूंचा नाश. क्वचित ते सौम्य असते : एखाद्या संदेशवाहक रेणूची योग्य क्षणी सुटका. विष सर्वांगात, परंतु विषबाधा एकाच ठिकाणी, असा हा संकल्प आहे. आणि सिसप्लॅटिनसारख्या औषधाने सर्व शरीराला होणारा त्रास ज्याने पाहिला आहे, त्याला या संकल्पाचे मोल निराळे सांगावयास नको.

संकल्पाचे मोल मान्य केल्यावर सिद्धीची परीक्षा करणे प्राप्त होते. ‘अंधारात निरुपद्रवी, प्रकाशात प्रभावी’ या प्रतिपादनाची दोन अंगे आहेत. प्रकाशात काय घडते या अंगाचा अभ्यास पुष्कळ, आणि उत्तम, झाला आहे. अंधार म्हणजे कोणता अंधार, कोणी सोसावयाचा आणि किती काळ, या दुसऱ्या अंगाकडे त्या मानाने फार थोडे लक्ष गेले. या शाखेतील यशापयशाचा हिशेब मांडू लागल्यास तो बहुतेक याच दुसऱ्या अंगापाशी येऊन ठरतो, असे दिसून येईल.

२

धातू, प्रकाश आणि जीव यांच्या संबंधाचा शास्त्रीय अभ्यास रोगचिकित्सेतून सुरू झाला नाही. त्याचे मूळ श्वसनाच्या अभ्यासात आहे. जॉन स्कॉट हॉल्डेन व जेम्स लॉरेन स्मिथ यांनी १८९६ साली असे नोंदविले की, कार्बन मोनॉक्साइडने जखडलेले हीमोग्लोबिन उजेडात धरले असता तो वायू सुटू लागतो आणि अंधारात नेले की पुन्हा जखडला जातो. लोहाचा अणू व तो वायू यांमधील बंध प्रकाशाने तुटतो, असा याचा अर्थ होय. सुमारे तीस वर्षांनी बर्लिन येथे ओटो वारबुर्ग यांनी या निरीक्षणाचे साधन बनविले. यीस्टचे श्वसन त्यांनी कार्बन मोनॉक्साइडने रोखले, मग निरनिराळ्या रंगांचा प्रकाश पाडून कोणत्या रंगाने श्वसन किती प्रमाणात पूर्ववत होते ते मोजले. जे एंझाइम तोवर कोणालाही वेगळे काढता आले नव्हते, त्याच्या प्रकाशशोषणाचा आलेख अशा रीतीने हाती आला आणि श्वसनाच्या मुळाशी हीमसारखे लोहसंयुग आहे हे सिद्ध झाले. वारबुर्ग यांना १९३१ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते या श्वसन-एंझाइमाच्या शोधाबद्दल.

या प्रयोगाची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्यात अंधार हा अर्धा प्रयोग होता. प्रत्येक मापनास अंधारातील मापनाची जोड होती आणि तोच यीस्ट, तोच वायू, तोच काळ यांच्या आधारे दोहोंची तुलना होत होती. निष्कर्ष निर्विवाद ठरला तो या समतोलामुळे.

चिकित्सेची परंपरा निराळ्या वाटेने आली. म्युनिक येथे हेर्मान फोन टापायनर यांचा विद्यार्थी ओस्कार राब १८९७-९८ च्या हिवाळ्यात ॲक्रिडीन या द्रव्याने पॅरामेसियम हे सूक्ष्म जीव किती वेळात मरतात ते मोजीत होता. एकाच विद्रावाची उत्तरे निरनिराळ्या दिवशी निरनिराळी येऊ लागली, तेव्हा फरक द्रव्यात नसून खोलीतील उजेडात आहे हे उमगले. १९०३ साली टापायनर व येझिओनेक यांनी इओसीन आणि प्रकाश यांचा उपयोग त्वचेच्या कर्करोगावर करून पाहिला; ऑक्सिजनवाचून हा परिणाम घडत नाही, हेही पुढल्याच वर्षी टापायनर यांच्या प्रयोगशाळेने दाखविले. येथे हे नमूद करणे अगत्याचे आहे की, ॲक्रिडीन किंवा इओसीन यांच्या कार्यात धातूचा काहीच भाग नाही. कोडावर बावचीचे बी लावून तो भाग उन्हात धरण्याची आपल्याकडील जुनी रीत घ्या. तिच्यातील सोरॅलेन या द्रव्यातही धातू नाही. तात्पर्य, प्रकाशाने जागे होणारे औषध ही कल्पना धातूवर अवलंबून नाही. मग धातू आणून काय मिळते, हा प्रश्न आरंभापासूनच उभा आहे.

अंधाराचा प्रश्नही तितकाच जुना आहे. १९१२ साली फ्रीडरिश मायर-बेट्स या जर्मन वैद्याने हीमॅटोपॉर्फिरिन हे रक्तातील हीमपासून लोह काढून मिळविलेले द्रव्य २०० मिलिग्रॅम इतके स्वतःच्या शिरेत टोचून घेतले. त्यानंतर उन्हात जाताच त्याचा चेहरा व हात सुजू लागले आणि ही अवस्था दोन महिन्यांहून अधिक टिकली. सहा दशकांनी बफेलो येथील रॉसवेल पार्क संस्थेत टॉमस डोअर्टी यांनी याच द्रव्याच्या एका सुधारलेल्या रूपाने आधुनिक प्रकाशचिकित्सेचा पाया घातला. १९७८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात २५ रुग्णांच्या ११३ अर्बुदांपैकी १११ अर्बुदे अंशतः वा पूर्णतः ओसरल्याचे नमूद आहे. या द्रव्यापासून तयार झालेल्या फोटोफ्रिनला १९९३ साली कॅनडात मान्यता मिळाली. परंतु मायर-बेट्स यांना झालेला त्रास त्यातही राहिलाच : रुग्णाने निदान ३० दिवस ऊन व प्रखर दिवे टाळावेत, अशी सूचना त्यासोबत द्यावी लागते.

३

धातूचे समर्थक या प्रश्नाला तीन उत्तरे देतात आणि तिन्हींत तथ्य आहे.

पहिले उत्तर जड अणूचे. प्रकाश शोषून उत्तेजित झालेला सामान्य सेंद्रिय रेणू ती ऊर्जा काही अब्जांश सेकंदातच गमावून बसतो. रेणूमध्ये पॅलेडियम, रुथेनियम, प्लॅटिनम यांसारखा जड अणू असल्यास तो रेणू अधिक काळ टिकणाऱ्या निराळ्या उत्तेजित अवस्थेत सहज उतरतो. तेवढ्या अवधीत त्याची गाठ आसपासच्या ऑक्सिजनशी पडते आणि ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप निर्माण होऊन ते पेशीतील मेद, प्रथिने व न्यूक्लिइक अम्ले यांची नासधूस करते. हे रूप फार अल्पायुषी असल्यामुळे त्याचा मारा पेशीच्या व्यासाहूनही कमी अंतरापुरता राहतो. म्हणून परिणाम जागच्या जागी होतो.

दुसरे उत्तर बंध तुटण्याचे. धातूला जोडलेला एखादा गट प्रकाशाने सुटतो. हॉल्डेन यांनी पाहिलेली घटना हीच. सुटलेला गट औषध असू शकतो. किंवा गट सुटून उघडा पडलेला धातूच डीएनएशी जडू शकतो. एडिंबरो व पुढे वॉरिक येथे पीटर सॅडलर यांच्या गटाने २००३ पासून अझाइडयुक्त प्लॅटिनमची जी संयुगे तयार केली, ती या जातीची आहेत. प्लॅटिनम (४) च्या अवस्थेत ती अंधारात स्थिर असतात. प्रकाश पडताच अझाइड गट सुटून प्लॅटिनम (२) बनते व ते डीएनएला चिकटते. या मार्गाला ऑक्सिजन लागत नाही. वाढत्या अर्बुदाच्या गाभ्यात ऑक्सिजन तुटपुंजा असतो हे पाहता, हा फरक साधा नव्हे.

तिसरे उत्तर रंगाचे. धातू आणि त्याभोवतीचे गट बदलून संयुगाने कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषावा हे ठरविता येते.

या तिन्ही उत्तरांचा मान राखूनही दोन मर्यादा सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा ही की, ‘धातू’ हे एक नाव असले तरी सर्व धातूंचा गुण एक नाही. पॉर्फिरिनच्या वलयात जस्त, मॅग्नेशियम किंवा पॅलेडियम असेल तर तो रेणू चांगला प्रकाशसंवेदक होतो. त्याच वलयात लोह किंवा तांबे बसविल्यास उत्तेजित अवस्था चटकन विझते आणि रेणू या कामास निरुपयोगी ठरतो. याचा सर्वांत बोलका पुरावा रुग्णालयातच मिळतो. १९९० साली कॅनडात केनेडी व पॉटिये यांनी रूढ केलेल्या अमिनोलेव्ह्युलिनिक अम्लाच्या पद्धतीत पेशीलाच पॉर्फिरिन तयार करावयास लावतात. पेशी त्यात लोह घालून त्याचे हीम करण्यास पुरेशी वेगवान नसते, आणि लोहाविना साठलेले ते पॉर्फिरिन प्रकाशात मारक ठरते. म्हणजे या यशस्वी उपचाराचा आधार धातूचा अभाव हा आहे. धातूचे अस्तित्व हेच ज्यांना पुरेसे समर्थन वाटते, त्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

दुसरी मर्यादा निसर्गाकडून येते. थर्मस थर्मोफिलस या उष्णप्रिय जंतूत ब-१२ जीवनसत्त्वाचे एक रूप प्रकाश ओळखण्याचे काम करते. अंधारात कोबाल्टयुक्त रेणू कारएच या प्रथिनाचे चार घटक एकत्र धरून ठेवतो आणि ते डीएनएवर बसून विशिष्ट जनुके बंद ठेवतात. प्रकाशाने कोबाल्ट व कार्बन यांमधील बंध तुटला की चौकडी मोडते, जनुके खुली होतात आणि जंतू कॅरोटिनॉइड द्रव्ये बनवून स्वतःचे प्रकाशापासून रक्षण करतो. या यंत्रणेचे कार्य २०११ साली, आणि रचना २०१५ साली, उघडकीस आली. कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत घडलेल्या या प्रकाशसक्रिय धातुसंयुगाचे काम मारण्याचे नाही, इशारा देण्याचे आहे. आणि त्यात अंधारातील अवस्था ही निष्क्रियता नसून नेमून दिलेले कार्य आहे. रसायनशास्त्रज्ञाने अंधाराला रिकामी जागा समजू नये, हा यातला बोध.

४

आता मोजमापाकडे वळू जाता, या शाखेतील लेखनाची खरी उणीव दृष्टीस पडते. नव्या संयुगाचे श्रेष्ठत्व बहुधा एका गुणोत्तराने सांगितले जाते : निम्म्या पेशी मारण्यास अंधारात किती मात्रा लागते, प्रकाशात किती लागते, आणि पहिलीला दुसरीने भागले तर काय येते. हे गुणोत्तर जितके मोठे, तितके संयुग चांगले, असा समज रूढ आहे.

गुणोत्तर सोयीचे आहे यात शंका नाही. तथापि त्यात तीन गोष्टी झाकल्या जातात. पहिली, अंधारातील मात्रा पुष्कळदा प्रत्यक्ष मोजलेली नसते. संयुग पाण्यात जितके विरघळते तितके घालूनही पेशी मेल्या नाहीत, तर ‘याहून अधिक’ असे लिहून तीच संख्या भागाकारात घेतली जाते. दुसरी, हा अंधार एकदोन दिवसांचा असतो, कारण बशीतील पेशींचा प्रयोग तितकाच चालतो. जड धातूचे संयुग यकृत, मूत्रपिंड किंवा त्वचा यांत आठवडेच्या आठवडे राहिले तर काय होईल, याचे उत्तर त्या दोन दिवसांत मिळत नाही. तिसरी, प्रकाशाची मात्रा, रंग आणि वेळ प्रत्येक प्रयोगशाळेची निराळी असते. एकाने निळ्या दिव्याखाली मिळविलेले गुणोत्तर व दुसऱ्याने तांबड्या दिव्याखाली मिळविलेले गुणोत्तर शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे शेर व गज यांची तुलना करणे होय.

रंगाचा प्रश्न केवळ मोजमापाचा नाही. रक्तातील हीमोग्लोबिन निळा व हिरवा प्रकाश अडवून धरते. निळा प्रकाश ऊतकात जेमतेम एक मिलिमीटर, तांबडा काही मिलिमीटर जातो. सुमारे ६५० ते ८५० नॅनोमीटर हाच पट्टा शरीराच्या दृष्टीने अनुकूल. त्यापलीकडे प्रत्येक प्रकाशकणाची ऊर्जा ऑक्सिजनला उत्तेजित करण्यास अपुरी पडू लागते. रुथेनियम व बायपिरिडीन यांची नामांकित संयुगे मात्र ४५० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्या प्रकाशात, सर्वांत अधिक शोषण करतात. आणि प्लॅटिनमच्या वर उल्लेखिलेल्या संयुगांना जंबुपार अथवा निळा प्रकाश लागतो. बशीतील पेशींच्या पातळ थरावर या अडचणीचा मागमूसही लागत नाही. बोटभर खोल असलेल्या अर्बुदापर्यंत पोचावयाचे झाले, की तीच अडचण सर्वस्व होऊन बसते. तेथे तर प्रकाशाविना अंधारच शिल्लक राहतो, आणि निरुपद्रवी राहण्याचा संयुगाचा गुण रोगाच्याच उपयोगी पडतो.

५

प्रयोगशाळेतून रुग्णालयापर्यंत पोचलेली प्रकाशसक्रिय धातुसंयुगे बोटांवर मोजण्याजोगी आहेत. त्यांपैकी तिघांचा इतिहास येथे पुरेसा होईल.

पहिले कथिलाचे. एथिल एटिओपर्प्युरिन या वलयात कथिलाचा अणू बसवून केलेले संयुग, वृद्धांच्या दृष्टिपटलाचा मध्यबिंदू झिजविणाऱ्या रोगावर मोठ्या चाचण्यांत तपासले गेले. डोळा हे प्रकाशासाठीच घडलेले इंद्रिय असल्यामुळे प्रकाश पोचविण्याची अडचण तेथे नव्हती. तरीही २००२ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत अपेक्षित लाभ सिद्ध झाला नाही. त्याच रोगावर २००० साली मान्यता मिळालेल्या व्हर्टेपॉर्फिनमध्ये धातू नव्हता.

दुसरे पॅलेडियमचे, आणि ते सर्वांत उद्बोधक आहे. इस्रायलमधील वाइझमन संस्थेत अविग्दोर शेर्झ व योराम सालोमन यांनी प्रकाशसंश्लेषक जंतूंच्या हरितद्रव्यातील मॅग्नेशियमच्या जागी पॅलेडियम घालून पॅडेलिपॉर्फिन हे द्रव्य सिद्ध केले. ते शिरेतून दिल्यावर रक्तवाहिन्यांतच राहते, ७५३ नॅनोमीटरच्या प्रकाशाने जागे होते, वाहिन्या बंद पाडते आणि काही तासांत शरीराबाहेर पडते. आधीच्या परिच्छेदांतील जवळजवळ प्रत्येक आक्षेपाला या रचनेत उत्तर आहे : रंग अनुकूल, धातू योग्य, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंधाराचा काळ तीस दिवसांवरून तासांवर आलेला. अष्ठीला ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, कमी धोक्याच्या कर्करोगावर त्याची चाचणी युरोपातील दहा देशांत ४१३ पुरुषांवर झाली. २०६ जणांना भूल देऊन, ग्रंथीत प्रकाशतंतू घालून उपचार केला; २०७ जणांवर केवळ नियमित देखरेख ठेवली. दोन वर्षांच्या अखेरीस उपचार झालेल्यांपैकी २८ टक्क्यांत व देखरेखीखालील ५८ टक्क्यांत रोग पुढे सरकला. ऊतकतपासणीत कर्करोग न सापडलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४९ व १४ टक्के होते. २०१७ साली युरोपीय संघाने या द्रव्याला मान्यता दिली.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा विजय पूर्ण होता. तरीसुद्धा फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्याच्या सल्लागार समितीने बहुमताने प्रतिकूल कौल दिला. आक्षेप संयुगावर नव्हता, तुलनेवर होता. कमी धोक्याचा हा कर्करोग पुष्कळ पुरुषांत आयुष्यभर उपद्रव न देता राहतो. ज्याला कदाचित कोणत्याच उपचाराची गरज नाही त्याच्या ऊतकतपासणीचा निकाल सुधारला, तर त्या माणसाचे काय सुधारले? चाचणीत उपचार झालेल्यांपैकी १५ जणांना मूत्र अडण्याचा गंभीर म्हणून नोंदविलेला त्रास झाला. देखरेखीखालील पुरुषाच्या शरीरावर शस्त्र नाही, भूल नाही, औषधही नाही. तो एका अर्थी अंधारातला गट होता. त्याच्याशी तुलना करू जाताच प्रकाशाच्या बाजूचे यश अपुरे वाटू लागले. युरोपाने व अमेरिकेने एकाच आकड्यांवरून दोन निर्णय घेतले यात विसंगती नाही. प्रश्न निराळा विचारला की उत्तर निराळे येते. मात्र हा प्रश्न संयुग घडवितानाच विचारला गेला असता, तर त्याची योजना अधिक गरजू रुग्णांसाठी प्रथम झाली असती, असे म्हणण्यास जागा आहे.

तिसरे रुथेनियमचे. शेरी मॅकफार्लंड यांच्या गटाने तयार केलेले टीएलडी-१४३३ हे संयुग मूत्राशयाच्या वरच्या थरातील कर्करोगासाठी २०१७ पासून टोरांटो येथे रुग्णांवर तपासले जाऊ लागले. पहिल्या टप्प्यात सहा रुग्ण होते. दुसरा टप्पा २०१९ साली सुरू झाला. यातील विवेक प्रशंसनीय आहे. हे संयुग हिरव्या प्रकाशाने जागे होते आणि हिरवा प्रकाश खोल जात नाही. परंतु मूत्राशय पोकळ आहे, रोग त्याच्या आतल्या अस्तरात आहे, आणि स्नायूपर्यंत प्रकाश न पोचणे हेच तेथे इष्ट आहे. औषधही रक्तात न देता थेट मूत्राशयात भरतात, त्यामुळे उरलेल्या शरीरासाठी अंधाराची अट सौम्य होते. संयुगाचा दोष जागेच्या निवडीने गुण झाला. दुसऱ्या टप्प्यात तुलनेचा गट नाही ही उणीव आहे; पण ज्यांच्यावर बीसीजीचा प्रचलित उपचार निष्फळ ठरला व ज्यांच्यापुढे मूत्राशय काढून टाकणे हाच मार्ग उरला, अशा रुग्णांत ती समजण्याजोगी आहे. येथे तुलना कोणाशी हा प्रश्न रोगानेच सोडविलेला आहे.

६

चिकित्सेतील हे जमाखर्च पाहिल्यावर जीवशास्त्रातील उपयोगाकडे पाहिले, तर चित्र अधिक समाधानकारक दिसते. १९९० साली जॅकलीन बार्टन, झाँ-पिएर सोवाज व त्यांचे सहकारी यांनी रुथेनियमचे एक संयुग वर्णिले. ते पाण्यात जवळजवळ निस्तेज असते आणि डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरताच उजळते. ब्वेनोस आयरेस येथे रोबेर्तो एचेनिक यांच्या गटाने २००३ साली रुथेनियमला मज्जातंतूंवर कार्य करणारा एक रेणू जोडून तो दृश्य प्रकाशाने मोकळा करून दाखविला. २००९ साली याच रीतीने ग्लुटामेट हा मेंदूतील संदेशवाहक रेणू सोडविण्याची सोय झाली. मेंदूच्या कापातील एका पेशीच्या एका शाखेवर, हव्या त्या क्षणी, संदेश देणे त्यामुळे शक्य झाले. रोबेर्तो मोत्तेर्लिनी यांनी २००२ साली मँगनीज कार्बोनिलपासून प्रकाशाने कार्बन मोनॉक्साइड सोडवून, तो वायू अल्प मात्रेत रक्तवाहिन्यांवर काय परिणाम करतो याच्या अभ्यासास चालना दिली. हॉल्डेन यांच्या निरीक्षणाचेच हे दूरचे वंशज म्हणावे लागतील.

ही साधने यशस्वी का झाली? त्यांचा अंधार संशोधकाच्या ताब्यात असतो. प्रयोगाची खोली काळोखी करता येते, प्रकाश न पाडलेली पेशी शेजारीच असते, प्रयोग काही मिनिटांत संपतो आणि संयुग धुऊन टाकता येते. वारबुर्ग यांच्या प्रयोगातील समतोल येथे सहज साधतो. रुग्णाच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट सहज साधत नाही. दोन क्षेत्रांतील यशाची तफावत संयुगांच्या दर्जातून निर्माण झालेली नाही. ती अंधारावरील हुकमतीतून निर्माण झाली आहे.

७

भारतातही या विषयावर भरीव काम झाले आहे. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत अखिल चक्रवर्ती यांच्या गटाने लोह, कोबाल्ट, तांबे व व्हॅनेडियम अशा विपुल व स्वस्त धातूंची प्रकाशसक्रिय संयुगे तयार केली आणि तांबड्या प्रकाशाने ती कार्यास लावण्याचा सातत्याने प्रयत्न केला. रुथेनियम व प्लॅटिनम यांच्या मोहातून बाहेर पडून शरीराच्या परिचयाच्या धातूंचा विचार करणे ही दिशा स्वागतार्ह होय. पॉर्फिरिनच्या वलयात विझणारे लोह निराळ्या गटांच्या संगतीत प्रकाशाला प्रतिसाद देऊ शकते, हे त्यातून दिसले. तथापि हा पुरावा मुख्यतः बशीतील पेशींपुरता आहे, आणि वर सांगितलेल्या गुणोत्तराच्या मर्यादा त्यालाही लागू आहेत.

येथे एका गोष्टीचा विशेष विचार व्हावयास हवा. अंधाराची अट सर्व देशांत सारखी जाचक नसते. टोरांटोतील हिवाळ्यात ऊन टाळण्यास सांगणे व विदर्भातील चैत्र-वैशाखात शेतमजुराला तेच सांगणे यांत पुष्कळ अंतर आहे. पहिल्याची गैरसोय होते. दुसऱ्याची महिन्याची मजुरी बुडते. एक महिना घरात बसणे ज्याला परवडत नाही, त्याच्या दृष्टीने तीस दिवस त्वचेत राहणारे औषध व काही तासांत निघून जाणारे औषध यांतील भेद हा औषध घेता येणे व न येणे यांतील भेद आहे. शोधनिबंधातील गुणोत्तरात या भेदासाठी रकाना नाही.

यावरून प्रकाशसक्रिय धातुसंयुगांच्या मूल्यमापनास काही साधे निकष लावता येतील. धातूविरहित समान रेणूशी तुलना करून धातूने कोणती भर घातली हे दाखविलेले असावे. प्रकाशाचा रंग ज्या अवयवासाठी संयुग योजिले त्या अवयवास अनुरूप असावा. अवयव न सांगता केलेला दावा अपुरा समजावा. अंधारातील परिणाम दोन दिवसांपुरता न मोजता, संयुग शरीरात जितके दिवस राहते तितक्या दिवसांसाठी मोजावा. आणि संयुग रुग्णापर्यंत पोचण्याच्या आत, त्या रुग्णाला उपचार न करता काय होईल, या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवावे. हे निकष कठीण नाहीत. त्यांतील पहिला वारबुर्ग यांच्या काळीही पाळता आला असता, आणि अखेरचा पाळला गेला असता तर २०२० च्या समितीपुढील वाद पुष्कळ आधी प्रयोगशाळेतच झाला असता.

या शाखेत बुद्धिमत्तेची उणीव नाही. दरवर्षी नवी संयुगे तयार होत आहेत आणि त्यांपैकी कित्येकांची रचना पाहून कोणाही रसायनज्ञाला समाधान वाटावे. परंतु ज्या रुग्णासाठी हा खटाटोप चालला आहे, त्याच्या शरीरावर प्रकाश काही मिनिटेच पडतो. संयुगासह उरलेले सर्व दिवस त्याला प्रकाशाविना, किंवा नको असलेल्या प्रकाशातच, काढावयाचे असतात. संयुगाची परीक्षा त्या दिवसांतही झाली पाहिजे.